मदत हवी आहे: लेकीच्या रक्तात शिसं ९.२ आलंय, ह्याला नॉर्मल म्हणायचं का?

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय, दांडिया बाजारात राहतो आम्ही. आमचे हे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात अशा एका युनिटमध्ये आहेत. मागच्या महिन्यात तिथे रक्ततपासणीचा कॅम्प झाला, ह्यांचं ३८ आलं, म्हणजे डेसिलिटरला ३८ मायक्रोग्रॅम. घरच्यांचंही करून घ्या म्हणाले म्हणून लेकीला घेऊन गेले, पावणेतीन वर्षांची आहे, बोटाला टोचून छोट्या मशीनवर लगेच सांगितलं ९.२. कागदावर "१० च्या खाली नॉर्मल" छापलंय आणि काळजी करू नका म्हणून पाठवलं.

पण मी वाचलं तर जागतिक आरोग्य संघटना ५ किंवा जास्त आलं की कुठून येतंय ते शोधून बंद करा म्हणते, अमेरिकेत २०२१ पासून ३.५ धरतात, १० तर तिथे २०१२ लाच मागे पडलं. मग हा कागद कुठल्या जमान्यातला? रात्री झोप लागत नाहीये खरंच.

त्यात तिचं हिमोग्लोबिन ९.४ आहे आणि लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं असंही कळलं. हे ड्युटीवरून त्याच कपड्यांत येतात, आल्या आल्या ती धावत जाऊन मांडीवर बसते, त्यांचा युनिफॉर्म मी आतापर्यंत आमच्याच कपड्यांत धुवायचे. घर जुनं, खिडक्यांच्या ऑइलपेंटचे पापुद्रे निघतात. सासूबाईंनी दिलेला सुरमा मात्र कालच काढून टाकला.

शिरेतून परत करावी का? किती दिवसांनी? आणि औषध लागतं का एवढ्याला?

*

ताई, शिरेतून नक्की करा. बोटावर शिशाची धूळ असली तर आकडा खोटा वाढतो, म्हणून बोटाचा जास्त आला की शिरेतूनच पक्का करतात. लॅबला शिशाच्या टेस्टची वेगळी नळी आहे का ते आधी विचारा. शरीरातून शिसं ओढून काढायचं औषध लहान मुलांना साधारण ४५ च्या पुढे देतात, त्यामुळे ते आत्ता नाही, आत्ता येणं थांबवायचं. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येतं, हाडातलं मात्र वर्षानुवर्षं राहतं, म्हणून आत्ता पक्का आकडा घ्या आणि मग एक ते तीन महिन्यांनी परत बघा. लोहाचे थेंब डॉक्टरांना विचारून चालू ठेवा, घर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. भाऊंना कंपनीतच अंघोळ करून कपडे बदलून यायला सांगा. ३८ त्यांनाही कमी नाही हो, त्यांचीही परत तपासणी करा.

*

खूप आभार दादा. तिथे अंघोळीची सोयच नाहीये, आज ह्यांनी सुपरवायझरना विचारलंय. तोवर कपडे बाहेरच्या न्हाणीत बदलतात, ती रडते मांडीवर घेत नाहीत म्हणून. सोमवारी बालरोगतज्ज्ञांकडे नेतेय, रिपोर्ट आला की इथे टाकते.