आई बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानात बसायला तयार नाही. तिचं चुकतंय का?

पार्ल्याची_पोर
अहमदाबादला मावशीकडे बारसं आहे. आईचं विमानाचं तिकीट काढलं आणि हौसेने तिला मोबाइलवर दाखवलं. तिने चष्मा लावला आणि नेमकं '७३७-८' वर बोट ठेवलं. "हे तेच ना गं, दोन पडली होती ते?"

हो, तेच. ७३७-८ म्हणजे मॅक्स. लायन एअर, २९ ऑक्टोबर २०१८, १८९ माणसं. इथिओपियन, १० मार्च २०१९, १५७ माणसं. मी तिला समजावलं की नाकाजवळच्या एकाच सेन्सरने चुकीचा कोन सांगितला आणि एमकॅस नावाची प्रणाली विमानाचं नाक पुन्हा पुन्हा खाली ढकलत राहिली. आता ती दोन्ही सेन्सर ताडून बघते, एकदाच ढकलते आणि वैमानिकाला ती आवरता येते. अमेरिकेत ही विमानं २० महिने जमिनीवर होती, आपल्याकडे तर ऑगस्ट २०२१ पर्यंत. इतकी कसून तपासणी दुसऱ्या कुठल्या विमानाची झालीय? माझं मत, आज डोळे मिटून बसावं असं हेच विमान.

आई म्हणाली, "पास कोणी केलं? आधी ज्यांनी केलं होतं त्यांनीच ना?" आणि आत निघून गेली.

लटकंती_विरार
रोज ८:१२च्या डब्यात एक पाय बाहेर ठेवून जाणारी मुंबई विमानाला घाबरते, हे भारीच. लोकलखाली वर्षाला किती जातात ते आधी बघा.

कुर्ला_पूर्व
लटकायचं की पुढची गाडी धरायची हे मला प्लॅटफॉर्मवर दिसतं हो. ५ जानेवारी २०२४ला अलास्का एअरलाइन्सच्या ७३७-९ मॅक्समध्ये लोक जिला भिंत समजून बसले होते, तो बंद केलेल्या दाराचा तुकडा होता. त्याला धरून ठेवणारे ४ बोल्ट कारखान्यात परत बसवलेच नव्हते. हवेत तुकडा उडाला. शेजारची सीट नशिबाने रिकामी होती. हे एमकॅस 'दुरुस्त' झाल्यावरचं आहे बरं का.

काकू बरोबर बोलल्या. एमकॅसची माहिती वैमानिकांच्या पुस्तकात नव्हती. तपासणीचं बरंचसं काम अमेरिकी विमान वाहतूक खात्याने कंपनीच्याच माणसांवर सोपवलेलं होतं. म्हणजे पेपर लिहिणारा आणि तपासणारा एकाच बाकावर. सॉफ्टवेअर बदललं, कबूल. बाक बदलला का?

हँगर_काका
निवृत्त आहे, उमेदीची वर्षं कालिन्याच्या हँगरमध्ये गेली. जरा जुनं सांगतो.

१४ फेब्रुवारी १९९०. इंडियन एअरलाइन्सचं मुंबईहून निघालेलं एअरबस ए३२० बंगळूरला धावपट्टीच्या अलीकडेच, गोल्फच्या मैदानात टेकलं. ९२ माणसं गेली. विमान जेमतेम काही महिन्यांचं. तेव्हा सगळीकडे एकच बोलणं, 'कॉम्प्युटरवर चालणारं विमान आपल्याला नको.' सरकारने सगळी ए३२० उभी केली, कित्येक महिने. आम्ही त्यांची इंजिनं झाकून ठेवायचो, पक्षी घरटी करतात म्हणून. चौकशीत बोट मुख्यतः वैमानिकांकडे गेलं: उतरताना इंजिनं आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर राहिली आणि वेग कमी होतोय हे वेळेत लक्षात आलं नाही. आज मुंबईहून कुठेही जा, बहुतेक वेळा त्याच घराण्यातलं विमान मिळतं. कोणी विचारतं का? २०१३ मध्ये बॅटरीपायी जगभरची बोइंगची ड्रीमलायनर विमानं उभी होती, तेही विसरलो. भीती खरी असते, पण तिला मुदत असते.

बोर्डिंग_पास
+१. त्याच घराण्यातल्या निओ या नव्या मॉडेलची ११ विमानं मार्च २०१८ला डीजीसीएने (आपल्या विमान वाहतूक खात्याने) इंजिनांपायी उभी केली होती. नातेवाइकांत एकालाही आठवत नाही, विचारून पाहिलं.

कुर्ला_पूर्व
काका, मान ठेवून सांगतो, ही दोन प्रकरणं एका तराजूत घालू नका. बंगळूरला विमान नव्याने हाताळणाऱ्यांची चूक झाली असं ठरलं. मॅक्समध्ये बनवणाऱ्याला माहीत असलेली गोष्ट चालवणाऱ्याला सांगितलीच नव्हती. लायन एअरनंतरही एक सूचनापत्रक काढून विमानं उडतच राहिली, आणि साडेचार महिन्यांत दुसरं पडलं. चीनने आधी थांबवली, मग आपण, अमेरिकेने १३ मार्चला, जवळपास सगळ्यांच्या मागून. याला विसरण्याची मुदत कोण ठरवणार?

हँगर_काका
सांगितलं नव्हतं हे मान्य. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण डीजीसीएने अमेरिकेच्या होकारानंतर आणखी ९ महिने वाट पाहिली, तेही लिही की.

घाटकोपर_गच्ची
अवांतर: आमच्या गच्चीवरून उतरणाऱ्या विमानाची चाकं मोजता येतात. आम्ही तिकीटही काढत नाही आणि मॉडेलही निवडत नाही. जून २०२५च्या अहमदाबादच्या विमान अपघातानंतर आमच्या मजल्यावर एवढंच बोलणं झालं की वसतिगृहात जेवायला बसलेल्या पोरांचं काय चुकलं होतं. चालू द्या तुमचं.

कुर्ला_पूर्व
मला बंदी नकोय. मॅक्स परत आल्यावर अमेरिकेत काही कंपन्यांनी 'यात बसायचं नसेल तर फुकट दुसरं विमान घ्या' अशी सोय ठेवली होती. आपल्याकडेही तेवढं द्या. काकूंना गप्प बसवण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

पार्ल्याची_पोर
ताजी खबर. आई वंदे भारतने जातेय. विमानाचं तिकीट रद्द केलं, परत आले ३१० रुपये. (कुर्ला_पूर्व, तुमचा मुद्दा पटला, पण महागात.) येतानाचं तिकीट मात्र तिने स्वतः निवडलं, मॉडेल बघून. एअरबस ए३२०.

काकांची बंगळूरची गोष्ट तिला अजून सांगितलेली नाही.