अनुभवाने मत बदलतं, पण कुठल्या बाजूला?

"घरात चोर शिरला की बंदुकीचे विरोधकही परवाना मागतात," असं म्हटलं जातं, ते पटतं. पण अनुभव उलट्या दिशेनेही नेतो. नौपाड्यातल्या माझ्या मामांनी (सराफी पेढी आहे त्यांची) लुटीनंतर रिव्हॉल्व्हर घेतलं. पुढे नातू ते ठेवलेल्या कपाटाच्या किल्ल्या घेऊन खेळताना दिसला आणि मामींनी हट्टच धरला. मामांनी ते पोलीस ठाण्यात जमा केलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरला हिललाइन पोलीस ठाण्यातच गोळीबार झाला. पोलिसांसमोर हात आवरत नसेल, तर घरच्या भांडणात कोण आवरणार? शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने बंदुकीच्या परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं केली, ते मला चुकीचंच वाटतं. तेवढ्या काळात घरात काय काय बदलतं! परवान्याआधी पोलिसांनी घरच्या बायकांनाही विचारायला हवं.