मदत हवी आहे : श्रवणयंत्र वापरणाऱ्या विद्यार्थिनीचा गटचर्चेतील सहभाग

नमस्कार. मी नववीची वर्गशिक्षिका आहे. माझ्या वर्गातील एक विद्यार्थिनी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते. समोरासमोर बोलताना तिला अडचण येत नाही. मात्र गटचर्चेत अनेक जण एकदम बोलू लागले की यंत्र आजूबाजूचा गोंगाटही मोठा करते आणि ती नुसती मान डोलावून वेळ मारून नेते. शाळा सुटेपर्यंत ऐकण्याच्या या सततच्या ताणाने ती अगदी थकून गेलेली असते.

तिला पंख्यापासून दूर, भिंतीलगत बसवले आहे, फळ्याकडे तोंड करून बोलणे मी टाळते आणि चर्चेचे मुद्दे आधी लिहून देते. श्रवणतज्ज्ञांनी यंत्रे तपासली असून त्यांत दोष नाही. माझ्या गळ्यातील बिनतारी माइकचा शिकवताना चांगला उपयोग होतो, पण तो थेट तिच्या यंत्रांपर्यंत माझाच आवाज पोचवतो, वर्गमैत्रिणींचा नाही. माइक हातोहात फिरवण्यास तिने नकार दिला, कारण मग सगळ्यांचे लक्ष तिच्याकडेच जाते. हा नकार मला रास्त वाटतो आणि तिच्या मनाविरुद्ध काहीही करायचे नाही. वेगळी खोली किंवा जादा शिक्षक मिळण्याची शक्यता नाही.

असा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे : तिच्याकडे बोट न जाता, एका वेळी एकीनेच बोलण्याची शिस्त संपूर्ण वर्गाच्या गटचर्चेत नेमकी कशी रुजवावी?