शब्दचर्चा : ‘विविधता वाढली’ म्हणजे नेमकं काय वाढलं?

बोरूबहाद्दर : खाणकाम संपल्यावर माती पसरून झाडं लावलेल्या जमिनीच्या अहवालातलं हे वाक्य तपासून हवंय : ‘पुनर्वसित क्षेत्रात १८ प्रजाती आढळल्या, विविधता वाढली आहे.’ ‘पुनर्वसित’, ‘प्रजाती’, ‘विविधता’ तिन्ही शब्द खटकतात. पर्याय सुचवा.

पानपिसारा : ‘पुनर्वसन’ म्हटलं की मराठी वाचकाला विस्थापित माणसं आठवतात, आणि खाणीच्या संदर्भात तर हमखास. ‘पुनर्भरण’ भूजलाने अडवलंय. ‘पूर्ववत केलेली’ हा मोठा दावा झाला, मूळचा झाडोरा परत आला असं सिद्ध झाल्याशिवाय तो करू नये. उतार बांधला, वरची माती पसरली, रोपं लावली, एवढंच झालं असेल तर ‘सावरलेली जमीन’ पुरे. ‘उद्धारित भूमी’ नको, कीर्तन वाटतं.

ठोंब : ‘प्रजाती’चा घोळ त्याहून गंभीर आहे. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत स्पीशीज म्हणजे जाती, आणि जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, ही प्रजाती. वर्तमानपत्री मराठीत मात्र सर्रास उलट चालतं. अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस आणि अकेशिया मँजियम ही खाणींच्या ढिगाऱ्यांवर लावली जाणारी दोन नेहमीची झाडं. परिभाषेप्रमाणे या जाती दोन, प्रजाती एक. म्हणजे ‘१८ प्रजाती’ वाचून जाणकाराला १८ जीनस वाटणार आणि जातींचा आकडा त्याला कळणारच नाही. ‘जाती’ लिहा.

जाता जाता, मऊ खोडाच्या छोट्या वनस्पतींना विश्वकोश ‘ओषधी’ म्हणतो. मुद्रितशोधकाने त्याचं ‘औषधी’ केलं की ढिगाऱ्यावर काढ्याची बाग उभी राहते! ‘शाकीय वनस्पती’ बरं.

चौरसमीटर : आता ‘विविधता’. या शब्दात दोन गोष्टी आहेत : जाती किती, आणि त्यांची वाटणी कशी. पहिलीला ‘जातिसंख्या’ म्हणावं. समजा दोन ठिकाणी प्रत्येकी ५ जाती आणि १०० झाडं आहेत. ‘अ’ ठिकाणी प्रत्येक जातीची २०, ‘आ’ ठिकाणी एकीचीच ९६ आणि उरलेल्या चौघींचं एकेक. जातिसंख्या सारखीच, पण जाती आणि वाटणी दोन्ही एकाच आकड्यात धरणारा शॅनन निर्देशांक नैसर्गिक लॉग (e च्या पायावरचा) घेऊन काढला तर ‘अ’चा १.६१, ‘आ’चा ०.२२. एकाच जातीची रोपं ओळीत लावली की नेमकं ‘आ’ घडतं. म्हणून ‘विविधता वाढली’ हे वाक्य अर्धवट आहे. संख्या वाढली की वाटणी सुधारली, तेही सांगा.

लॉगचा पाया लिहायला विसरू नका. ‘अ’चाच निर्देशांक २ च्या पायावर २.३२ येतो आणि १० च्या पायावर ०.७०. पाया न लिहिता दोन अहवालांची तुलना केली तर नुसत्या गणितानेच विविधता वाढलेली दिसेल.

बोरूबहाद्दर : वाटणीच्या मोजमापाला ‘समानता’ म्हणू?

पानपिसारा : नको, तो सामाजिक शब्द आहे. ‘समवाटप’ सुटसुटीत आहे. शॅनन निर्देशांकाला जातिसंख्येच्या लॉगने भागलं की ते मिळतं : ‘अ’चं १, ‘आ’चं साधारण ०.१४.

चौरसमीटर : घनता, विपुलता आणि वारंवारता हे शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नका. समजा मोजणीसाठी जमिनीवर आखलेले २० चौरस पाहिले, एक जात त्यांतल्या ४ मध्येच सापडली आणि एकूण रोपं ६० भरली. घनता काढताना सगळ्या चौरसांनी भागायचं, म्हणजे ३. विपुलतेत ती जात जिथे सापडली तेवढ्याच चौरसांनी, म्हणजे १५. वारंवारता २० टक्के. विपुलता मोठी आणि वारंवारता लहान, याचा अर्थ ती जात घोळक्याने वाढतेय. बहुधा पाणी साचणाऱ्या खळग्यात किंवा पायथ्याशी. माथा, उतार आणि पायथ्याचे चौरस एकत्र करून सरासरी काढली तर हे सगळं पुसलं जातं.

चौरसाच्या मापाचा रिवाज असा : शाकीय वनस्पतींना १ मीटर बाजू, झुडपांना ५, वृक्षांना १०. तिन्हींचे निर्देशांक वेगवेगळे काढायचे. चौरस किती, हे आधी ठरवण्यापेक्षा नव्या जाती मिळणं जवळजवळ थांबेपर्यंत घेत राहणं बरं.

ठोंब : गवताचं काय? हरळीची एक वेल जागोजागी मुळं धरते, तिथे ‘रोपं किती’ हा प्रश्नच चुकीचा. मोजणाऱ्यागणिक आकडा बदलतो. तिथे ‘आच्छादन’ घ्यावं, म्हणजे चौरसाचा किती टक्के भाग झाकलाय ते. आच्छादन आणि रोपसंख्या एकाच निर्देशांकात मात्र मिसळू नका.

आणखी एक शब्द मूळ वाक्यात हवाच होता : ‘आपसूक’. लावलेली झाडं आणि आपसूक उगवलेली झाडं एका यादीत टाकली की विविधता नव्हे, रोपवाटिकेची खरेदी मोजली जाते. जमीन सावरतेय का, ते आपसूक आलेल्या जाती सांगतात. त्यातही आक्रमक तणं वेगळी काढा. घाणेरी आली तरी जातिसंख्या एकाने वाढतेच!

पानपिसारा : शेजारच्या न खणलेल्या रानाशी तुलनाही हवी. सोरेन्सनचा साम्य निर्देशांक म्हणजे समाईक जातींची दुप्पट भागिले दोन्हीकडच्या जातिसंख्यांची बेरीज. इथे १८, रानात २४ आणि समाईक ३ असतील, तर ६ भागिले ४२, म्हणजे ०.१४. असा आकडा असताना ‘पूर्ववत’ कोण लिहील?

बोरूबहाद्दर : मग वाक्याचा साचा असा : ‘सावरलेल्या ढिगाऱ्यावर १८ जाती आढळल्या. त्यांपैकी ७ लावलेल्या, ११ आपसूक आलेल्या. आपसूक जातींत आक्रमक ४.’ पुढे थरवार (शाकीय वनस्पती, झुडपं, वृक्ष) निर्देशांक, लॉगचा पाया आणि साम्य.

ठोंब : मोजणीचा महिना लिहायचा राहिला. पावसाळी वर्षायू, म्हणजे वर्षभरात आयुष्य संपवणाऱ्या वनस्पती, उन्हाळ्यात बियांच्या रूपात मातीत असतात. तेव्हा मोजलं तर त्या ‘आढळत’ नाहीत. आणि लावणीला किती वर्षं झाली तेही घाला.