मदत हवी आहे: डिव्हाइस ट्रीत नोड टाकलाय, तरी इंटरप्ट येत नाही

अंबड_बोर्डवाला:
कस्टम बोर्ड आहे. एफपीजीएतल्या (हवं ते सर्किट भरता येणारी चिप) आमच्या ब्लॉकसाठी डीटीएसमध्ये, म्हणजे कर्नलला हार्डवेअर सांगणाऱ्या डिव्हाइस ट्रीच्या फाइलमध्ये, नोड लिहिला. ड्रायव्हर प्रोब होतो (नोड सापडून सुरू होतो), रजिस्टर वाचता येतात, पण इंटरप्ट (हार्डवेअरची प्रोसेसरला हाक) आल्यावर चालायचा हँडलर एकदाही चालत नाही. लाइन एका पिनवर बाहेर काढून स्कोप लावला, पल्स स्वच्छ दिसतो. सोमवारी अंबडमध्येच पॅनेल टेस्टरचा डेमो आहे. कोणी केलंय का हे? लवकर सांगा.

गोदाकाठ:
प्रोसेसर कुठला? नोड इथे टाका. एवढ्यावरून कोणीच काही सांगू शकणार नाही.

पाय_प्रेमी:
कॉन्फिग फाइलमध्ये डीटीओव्हरलेची ओळ टाका आणि रीबूट करा. माझ्या रास्पबेरी पायवर आरटीसी (घड्याळाची चिप) असाच चालू झाला.

अंबड_बोर्डवाला:
पाय नाहीये हो. झिंक ७०००, एआरएम प्रोसेसर आणि एफपीजीए एकाच चिपमध्ये. नोडमध्ये कम्पॅटिबल आमचंच, रेग ४३सी०००००, इंटरप्ट्स = <० ६१ ४>. मॅन्युअलमध्ये एफपीजीएच्या पहिल्या इंटरप्टचा नंबर ६१च छापलाय.

सिन्नर_फाटा:
बूट होताना जुनाच डीटीबी (डीटीएस कंपाइल करून होते ती फाइल) उचलला जात असेल. नव्वद टक्के वेळा तेच असतं. यू-बूट (बूटलोडर) कुठली फाइल लोड करतंय ते आधी बघा.

अंबड_बोर्डवाला:
प्रोब होतोय म्हणजे नोड पोचलाय ना! प्रॉकखालच्या डिव्हाइस-ट्रीतही दिसतोय.

जुना_कर्नल:
एवढा खटाटोप कशाला? ड्रायव्हरमध्येच ६१ लिहून टाका. आम्ही बोर्ड फाइलमध्ये सगळं सीमध्ये लिहायचो, कधी अडलं नाही.

गोदाकाठ:
नका लिहू. आताच्या कर्नलमध्ये हार्डवेअरचा नंबर आणि लिनक्सचा आयआरक्यू (इंटरप्ट) नंबर वेगळे असतात, मधे त्यांची जोडी लावणारं आयआरक्यू डोमेन बसलेलं आहे. ६१ मागितलात तर एरर येईल, नाहीतर दुसऱ्याच कोणाचा इंटरप्ट हातात येईल. आणि बोर्ड फाइलींचं म्हणाल, तर दर बोर्डाची वेगळी सी फाइल कर्नलमध्ये कोंबल्यामुळेच मार्च २०११ मध्ये लिनक्सच्या जनकाने, टोरवाल्ड्सने, एआरएमवाल्यांना सुनावलं होतं. त्यानंतर एआरएमचा कारभार डिव्हाइस ट्रीकडे वळला.

जुना_कर्नल:
डिव्हाइस ट्री तेव्हाची नाहीच. ओपन फर्मवेअरमधून आली, आयईईई १२७५, साल १९९४. पॉवरपीसीवर आम्ही एआरएमवाल्यांच्या कितीतरी आधी वापरली. मला शिकवू नका.

कॉलेजरोड:
विषय थोडा वेगळा आहे, पण नाशकात अशी कामं मिळतात का? मी शेवटच्या वर्षाला आहे, सगळे पुण्यालाच जा म्हणतात.

सिन्नर_फाटा:
मिळतात. सातपूर-अंबडला पॅनेल, रिले, मीटर करणारे छोटे कारखाने आहेत. पगार पुण्याएवढा नाही, पण बोर्डापासून कर्नलपर्यंत सगळं हाताखालून जातं.

गोदाकाठ:
अंबडवाले, प्रॉकखालच्या इंटरप्ट्स फाइलमधली तुमच्या ड्रायव्हरची ओळ बघा. जीआयसीच्या (एआरएमच्या इंटरप्ट कंट्रोलरच्या) पुढे कुठला आकडा आहे?

अंबड_बोर्डवाला:
९३. काउंट शून्य.

गोदाकाठ:
मग सापडलं. ९३ वजा ६१, ३२. जीआयसीत ० ते १५ एसजीआय (सॉफ्टवेअरने पाठवलेले), १६ ते ३१ पीपीआय (एकेका कोअरचे खासगी) आणि ३२ पासून पुढे एसपीआय (सगळ्या कोअरना सामायिक). नोडमधला पहिला ० म्हणजे एसपीआय, आणि दुसरा आकडा त्या ३२ पासून मोजायचा. मॅन्युअलमधला ६१ इथे २९ होतो. तुम्ही ६१ दिल्यावर कर्नलने त्यात ३२ मिळवले आणि तो ९३ वर जाऊन बसला. झिंकवर ९३ राखीव आहे, त्याला काहीच जोडलेलं नाही. म्हणून एररही नाही, इंटरप्टही नाही.

अंबड_बोर्डवाला:
<० २९ ४> केलं आणि काउंट हलला!! फार आभार. पण मधलेच काही पल्स सुटताहेत.

सिन्नर_फाटा:
शेवटचा ४ म्हणजे लेव्हल हाय. पल्स छोटा असेल तर कर्नल बघेपर्यंत लाइन खाली आलेली असते. १ करा, रायझिंग एज.

गोदाकाठ:
१ ने डेमो निघेल, पण मी तसं सोडणार नाही. ब्लॉकमध्ये स्टेटस बिट ठेवा. ड्रायव्हर क्लिअर करेपर्यंत लाइन वरच राहू दे, आणि डीटीएसमध्ये ४ च ठेवा. नाहीतर पहिला इंटरप्ट हाताळून व्हायच्या आत दोन पल्स आले, तर त्यांचा एकच मोजला जाईल आणि पत्ताही लागणार नाही.

सिन्नर_फाटा:
दोन दिवसांत व्हीएचडीएल (एफपीजीएचा कोड) बदलून परत टेस्ट कोण करणार? सोमवार काढू दे त्यांना.

अंबड_बोर्डवाला:
आत्ता १ लावतोय. स्टेटस बिट डेमोनंतर नक्की घालणार, मोजणी चुकणारा टेस्टर आम्हाला विकायचा नाहीये. कॉलेजरोड, मंगळवारी मेसेज करा, आमच्याकडे माणूस हवाय.