'हीरोज जर्नी'ला मराठीत काय म्हणावं? (मनोगतातलं एक वाक्य अडलंय)

शाईदौत
नमस्कार मंडळी. सहा वर्षं लिहीत असलेली कादंबरी गेल्या आठवड्यात पुरी झाली. बाड घेऊन संपादकांकडे गेले. मनोगतात लिहिलं होतं, "हस्तलिखित हातावेगळं केल्यावर कळलं, आपण नायकाचा प्रवास लिहीत होतो." एवढ्या एका वाक्यात त्यांनी तीन ठिकाणी लाल रेघ ओढली. लॅपटॉपवर लिहिलेलं ते हस्तलिखित कसं? हातावेगळी होतात ती कामं, कादंबरी कशी होईल? आणि नायकाचा प्रवास म्हणजे काय, नायक कुठे गेला?

पहिल्या दोन रेघांचं मी बघून घेईन, तिसरीसाठी मदत हवी आहे. पुराणकथांचे अमेरिकी अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली मांडलेली 'हीरोज जर्नी'ची कल्पना बहुतेकांना माहीत असेल. नायक ओळखीचं जग सोडतो, अनोळखी जगात कसोटीला उतरतो, काहीतरी मिळवून परत येतो आणि ते आपल्या माणसांना देतो. 'प्रवास' म्हटलं की त्यातलं परतणं गळून जातं असं मला वाटतं. शिवाय माझ्या कादंबरीत नायिका आहे, आणि तिचं मावळातलं गाव धरणाच्या बुडितात गेलंय. नेमका शब्द सापडला तर शेवटच्या प्रकरणाला तेच नाव द्यायचं मनात आहे.

भूर्जपत्र
ताई, अभिनंदन. पण मी संपादकांच्या बाजूने. पुण्यात राहून 'हस्तलिखित' हा शब्द सैल वापरू नये. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये संपलं. त्यासाठी देशभरातून जमवलेल्या १२५९ पोथ्या ताडून पाहिल्या, कुठे शारदा लिपी, कुठे ग्रंथ लिपी, कुठे मल्याळम. हस्तलिखितं ती. तुमच्याकडे आहे ती मुद्रणप्रत.

कसबाकर
मुद्रणप्रत कशी होईल, लाल रेघा अजून चालू आहेत ना? छापायला द्यायच्या अवस्थेतली ती मुद्रणप्रत. माझे वडील शनिवारातल्या एका छापखान्यात जुळारी होते. खिळे जुळवून बोटं काळी घेऊन घरी यायचे. त्यांच्या तोंडी मी 'हस्तलिखित' कधी ऐकलं नाही आणि 'मुद्रणप्रत'ही नाही. लेखकाने आणून दिलं ते 'मॅटर'. "मॅटर पुरं आलं का?" एवढंच विचारायचे.

फळाखडू
आमच्या शाळेत हस्तलिखित म्हणजे वार्षिक अंक. वर्गातल्या सुवाच्य अक्षराच्या चार मुली निवडायच्या, जाड कार्डशीटवर बोरूने लिहायचं, मुखपृष्ठ जलरंगात. प्रत एकच. ती ग्रंथालयाच्या कपाटात जायची आणि संमेलनाच्या दिवशी टेबलावर यायची. मी तीस वर्षं ते काम करून घेतलं. त्यामुळे कुणी 'हस्तलिखित' म्हणालं की मला कुणा मुलीचं अक्षर दिसतं. लॅपटॉपवरच्या लेखनाला तो शब्द नकोच, पण पोथ्यांपुरताही ठेवू नका.

भूर्जपत्र
बाई, तुमचा मुद्दा मान्य. हाताने लिहिलेलं असणं महत्त्वाचं.

मधली आळी
मग 'मसुदा' म्हणा की! अरबीत 'सवाद' म्हणजे काळेपणा, त्यावरून मुसव्वदा, म्हणजे काळं केलेलं. स्वच्छ प्रतीला तिकडे पांढरी केलेली अशा अर्थाचा शब्द आहे. आपण 'कागद काळे केले' म्हणतो त्यातली कल्पना हीच.

भूर्जपत्र
मसुदा कायद्याचा असतो, ठरावाचा असतो. कादंबरीचा खर्डा.

प्रोषित
मूळ प्रश्नाकडे येतो. शाईदौत, 'प्रवास' या शब्दावर तुम्ही अन्याय करताय. प्र अधिक वस्. वस् म्हणजे राहणे. प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणं. गाडीत बसणं हा अर्थ नंतरचा. 'प्रोषित' हे त्याचंच रूप, म्हणजे परगावी जाऊन राहिलेला. अनोळखी जगातला कसोटीचा काळ या धातूत आधीपासून आहे, तेव्हा 'नायकाचा प्रवास' अगदी योग्य. आणि 'नायक' नी धातूपासून, नेणारा. इंग्रजी 'हीरो'त शौर्य आहे, आपल्या शब्दात कथेला पुढे नेणं आहे.

शिवाय नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत, त्या दशरूपक या नाट्यावरच्या संस्कृत ग्रंथात आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या नावांनी येतात. हे सगळं हाताशी असताना कॅम्पबेलची भांडी उसनी कशाला आणायची?

हडपसर लोकल
कारण ती वेगळी भांडी आहेत. फलागम म्हणजे फळ हाती आलं, तिथे नाटक संपलं. कॅम्पबेल म्हणतात, फळ हाती आल्यावर खरी अडचण सुरू होते. ते घेऊन घरी यायचंय, आणि घरच्यांना ते हवंय की नाही तेही माहीत नाही. शाईदौत यांना नेमका तोच तिसरा टप्पा हवाय. संस्कृत संज्ञा आधी असली म्हणजे ती लागू पडतेच असं नाही. मी तर सरळ 'हीरोज जर्नी' लिहीन. पटकथा लिहिणारी पुण्यातली पोरं तेच म्हणतात.

प्रोषित
पोरं म्हणतात म्हणून मनोगतात तेच छापायचं? पुस्तक पन्नास वर्षं राहतं.

हडपसर लोकल
पन्नास वर्षांनी 'नियताप्ती' कुणाला कळेल?

मधली आळी
'वीरयात्रा' कसा वाटतो?

सासवडवाला
नको हो. आमच्या पुरंदरात वीर नावाचं गाव आहे, तिथे माघात म्हस्कोबाची मोठी यात्रा भरते. 'वीरयात्रा' म्हटलं की आमच्याकडे लोक कोणत्या गाडीने जाताय विचारतील. यात्रा आणि जत्रा मुळात एकच शब्द, जत्रा झिजलेलं रूप. त्यात देव आला, गर्दी आली. एकट्या माणसाचं जाणं त्यात बसत नाही.

पण तिसऱ्या टप्प्यासाठी शब्द आहे, परतवारी. आषाढात पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा सगळं शहर रस्त्यावर येतं. माउली भवानी पेठेत, तुकोबा नाना पेठेत. पुढे माउली दिवे घाट चढून आमच्याकडे येतात, तुकोबा लोणी काळभोरच्या वाटेने जातात. पौर्णिमेचा काला झाला की याच पालख्या उलट निघतात. तेव्हा रांगोळ्या कमी, गर्दी कमी. परतवारीला चालणारे थोडे असतात. मी दोनदा चाललो आहे. जाताना पाय आपोआप उचलतात, येताना प्रत्येक मुक्कामाला आपण बदललो का हे स्वतःला विचारावं लागतं. शाईदौतताई, तुम्ही म्हणता ते हेच ना?

शाईदौत
सासवडवाले, हेच. अंगावर काटा आला. फक्त परतवारीला शेवटी आळंदी असते, देहू असतं. माझ्या नायिकेला ते नाही.

आपटा
मी 'सीमोल्लंघन' सुचवते. एका शब्दात तिन्ही टप्पे आहेत. भोर तालुक्यात वडिलांच्या गावी दसऱ्याला पुरुष शिवेबाहेर जायचे, आपट्याची पानं आणायचे, परत आल्यावर दारात औक्षण, मग ते सोनं घरोघर थोरांच्या हातावर ठेवायचं. निघणं, मिळवणं, परत येणं, वाटणं. चौथं वाटणं महत्त्वाचं, ते 'प्रवास'मध्ये नाही, 'यात्रा'मध्येही नाही. आपण दरवर्षी हे करतो आणि शब्द मात्र बाहेर शोधतो याचं मला वाईट वाटतं.

फळाखडू
आपटा, शब्द सुंदर आहे. पण त्या दारात निरांजन घेऊन कोण उभी असायची? पुरुष शीव ओलांडणार आणि बाई उंबरठ्याच्या आत. संस्कृत नाट्यातल्या आठ प्रकारच्या नायिकांत, अष्टनायिकांतही प्रोषितभर्तृका आहेच, नवरा गेलेला आणि ही घरी. कादंबरी नायिकेची आहे हे आपण सगळे विसरलोय.

प्रोषित
त्याच आठांत अभिसारिका आहे, ती घराबाहेर पडते.

फळाखडू
प्रियकराकडे जायला. तेवढ्यावर मी समाधान मानणार नाही. मॉरीन मर्डॉक या कॅम्पबेल यांच्याच विचारातून आलेल्या बाई, पण नायिकेचा मार्ग वेगळा मांडावा लागला म्हणून त्यांनी १९९० मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं. आपल्याकडे तर बाईचं पहिलं निघणं म्हणजे सासर. तिने परतायचं कुठल्या घरी? संतांनी पंढरीला माहेर म्हटलं आहे, म्हणजे बाईने जाऊन पोचायची जागा हेच तिचं मूळ घर. परतणं आणि पोचणं तिच्या बाबतीत एकच होऊ शकतं. शाईदौत, याचा विचार करा.

भूर्जपत्र
'हातावेगळं' राहिलं. ते खरंच चूक आहे. हातावेगळं करणं म्हणजे एकदाचं उरकून बाजूला सारणं. ग्रंथ 'सिद्ध' होतो किंवा काम 'तडीस' जातं. तड म्हणजे काठ, तीर. चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक सुकथनकर १९४३ मध्ये गेले, तेव्हा महाभारताचं काम पुष्कळ बाकी होतं. पुढे बेलवलकर, मग प. ल. वैद्य, यांनी ते तडीस नेलं. कुणी ते 'हातावेगळं केलं' म्हणालं तर मला सहन होणार नाही.

हडपसर लोकल
हे मात्र पटलं. योगायोग असा की हाइनरिश झिमर हे भारतविद्येचे अभ्यासकही १९४३ मध्येच गेले, आणि त्यांची अपुरी टिपणं नि व्याख्यानं लावून ग्रंथ सिद्ध केले ते कॅम्पबेल यांनी. ते काम चालू असतानाच त्यांचं नायकावरचं पुस्तक आलं.

कसबाकर
'तडीपार'मधली तड तीच का?

भूर्जपत्र
तीच. संस्कृत तट.

मधली आळी
तीच असेल तर तडीपार म्हणजे काठापलीकडे, पण पोलीस तर हद्दीपलीकडे पाठवतात. हद्द आणि काठ एक कसे?

पवनाकाठ
मी इथे पहिल्यांदाच लिहितोय. आमचं गाव पवना धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं. आमच्यात तेव्हा 'देऊळ दिसलं' असं म्हणत नाहीत, 'गाव वर आलं' म्हणतात. चुलत्यांचा फोन येतो, "गाव वर आलंय, येतोस का?"

मराठीत निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. आजी तर 'जातो' म्हटलं की दारातून परत बोलवायची, पाणी प्यायला लावायची आणि 'येतो म्हण' म्हणायची. घर सोडायच्या दिवशी सामान गाडीत भरून झाल्यावर तिने उंबरठ्याला हात लावला आणि 'येते' म्हणाली, असं वडील सांगतात. तुमच्या प्रकरणाला उपयोग झाला तर बघा, ताई.

भूर्जपत्र
मधली आळी, हद्दीला पूर्वी बहुधा ओढा नाहीतर नदीच असायची, त्यामुळे काठ आणि हद्द एक झाली असावीत.

मधली आळी
घाटावर नसेल नदी, तिथे काय?

शाईदौत
पवनाकाठ, तुमच्या आजी उंबरठ्याला हात लावून म्हणाल्या ते फक्त 'येते' की 'येते हं'? वडिलांना विचारून सांगाल का?