समोरचा बंपर घरीच काढून रंगवायला द्यावा का? (इंदूर) सल्ला हवा

लोकमान्यनगरवाला :

गाडी वॅगनआर, 2013, सिल्की सिल्व्हर. बिल्डिंगच्या खांबाशी झालेल्या मतभेदात समोरच्या बंपरचा डावा कोपरा सोलवटलाय आणि डाव्या मडगार्डला हलका पोचा आलाय. शिवाय बॉनेटवरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) उन्हाने पापुद्रे सोडतोय, पण ते दुखणं जुनं आहे.

डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे गेलो तर म्हणाला, "भिया, कुछ खोलना-वोलना नहीं, टेप मारके चकाचक कर देंगे." हे टेप मारके काम मेव्हण्याच्या गाडीवर बघितलंय. हेडलाइटच्या कडेला चांदीचे शिंतोडे, जाळीपाशी रंगाची जाड पायरी, आणि पुढे तिथूनच रंग उचलला गेला.

म्हणून विचार असा की बंपर, मडगार्ड, बॉनेट तिन्ही घरीच उतरवायचं आणि सुटे पार्ट पेंटरला नेऊन द्यायचे. गोटी-पान्यांचा सेट आहे, खाली छपराचं पार्किंग आहे, कॉलेजातला मुलगा आहे (त्याचं म्हणणं, रंगही स्प्रे कॅनने घरीच मारू). व्हिडिओत तर सगळं दहा मिनिटांत सुटतं. खरंच सुटतं का? क्लिपा तुटल्या तर सुट्या मिळतात का? पावसाआधी उरकायचंय.

पीथमपूरकर :

बंपर जरूर काढा. मडगार्डचं नंतर बघू. बॉनेटला हात लावू नका.

बंपर क्लिपा आणि स्क्रूंवर टांगलेला असतो, काढून परत लावला तरी गॅपचा फारसा घोळ होत नाही. बॉनेटचं तसं नाही. तिथे बिजागरीच्या बोल्टांना सरकायला जागा ठेवलेली असते आणि गॅप त्यातच जुळवतात. बोल्ट सैल केले की ती जुळणी गेली. आणि उचलताना एकाचा हात निसटला तर कोपरा थेट समोरच्या काचेवर. तसंही बॉनेट गाडीवर ठेवून छान रंगतं. पाणी उडवणारे जेट आणि कडेची रबरं मात्र पेंटरला काढायलाच लावा, त्यावर टेप चालवून घेऊ नका.

मडगार्डला बॉनेटच्या खाचेत ओळीने बोल्ट असतात, एक दार उघडल्यावर दिसतो, एक खाली दाराच्या उंबऱ्यापाशी, एक पुढे बंपरच्या आड. उंबऱ्याजवळचा जुन्या गाड्यांत हमखास गंजून बसलेला असतो. हलका पोचाच असेल तर चाकावरचं प्लॅस्टिकचं अस्तर काढलं की आतून हात जातो. तेवढ्यासाठी पार्ट उतरवण्यात अर्थ नाही.

आता बंपर. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. बॉनेट उघडून जाळीच्या वरच्या क्लिपा आणि बोल्ट (बहुधा 10 नंबरचे) काढा, मग खालचे, शेवटी बाजूचे. बाजूच्यासाठी स्टिअरिंग पूर्ण वळवा, म्हणजे अस्तर आणि बंपर जिथे भेटतात तिथला स्क्रू दिसेल. व्हिडिओवाले हाच घाईत दाखवतात. लोक तो ठेवून बंपर ओढतात आणि बंपरचा कान (स्क्रू बसतो ती पट्टी) तुटतो. मॉडेलप्रमाणे एखाददुसरी जागा बदलते, तेव्हा काही अडलं तर ओढायचं नाही, शोधायचं.

क्लिपेचा मधला खिळा आधी उचलायचा, मग पूर्ण क्लिप. काही क्लिपांत तो उलट आत दाबावा लागतो. चपट्या पेचकसाला टेप गुंडाळा. मडगार्डच्या कडेवरही मास्किंग टेपचे दोन थर द्या, ओरखडे तिथेच पडतात. मग चाकाकडचं टोक धरून बाहेरच्या बाजूला झटका द्या, खाली नाही. टक टक आवाज येईल, तो ब्रॅकेटचे दात सुटल्याचा. उन्हाळ्यात प्लॅस्टिक लवचीक असतं, थंडीत हेच दात पटकन मोडतात. दोन्ही टोकं सुटली की दोघांनी मिळून पुढे घ्या. फॉग लॅम्प असतील तर आधी त्यांचे कपलर (वायरींचे जोड) सोडवा. पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगच्या सर्किटचा, त्याला हात नको.

पहिल्या खेपेला दहा मिनिटं विसरा. सकाळ जाईल.

सुदामानगरची_ताई :

आमचं रंगाचं दुकान आहे, त्यामुळे रंगाचं मी सांगते. बंपर उलटा करून आतल्या बाजूला काय कोरलंय ते वाचा. पीपी अशी अक्षरं असली तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्यावर साधा प्रायमर किंवा पुट्टी धरत नाही. जिथे मूळ रंग जाऊन नुसतं प्लॅस्टिक उघडं पडलंय, तिथे प्लॅस्टिकचा खास प्रायमर आधी लागतो. पेंटरला हे एकच विचारा. "सब पे एकही लगता है" म्हणाला तर दुसरीकडे जा. आणि रंग खरवडायच्या आधी बंपर धुऊन वॅक्स-ग्रीस निघणाऱ्या द्रावणाने पुसायला हवा, नाहीतर पॉलिशमधलं सिलिकॉन वॉटर पेपरने आत घासलं जातं आणि नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

बॉनेटचा क्लिअर सुटतोय ना? त्यावर ठिगळ चालत नाही. जिथे जुना क्लिअर संपतो तिथली कड पुन्हा उचलतेच. पूर्ण बॉनेट घासून पूर्णच करावं लागेल.

मुलाला सांगा, कॅन नको. कॅनमधला साधा क्लिअर पेट्रोलच्या थेंबानेही खराब होतो. टिकणारा असतो तो टू-के, म्हणजे हार्डनर मिसळलेला, आणि त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा लागू शकतो, तोंडाला बांधलेल्या रुमालाने किंवा धुळीच्या मास्कने काही अडत नाही. वर-खाली लोक राहतात अशा पार्किंगमध्ये तर मुळीच नको.

रामबागी_मुंगूस :

माझा थोडा वेगळा सूर. सिल्व्हर आहे हे विसरू नका. त्यातले धातूचे कण स्प्रे गनच्या अंतराप्रमाणे आणि हवेच्या दाबाप्रमाणे वेगवेगळे बसतात, रंगाचा कोड तोच असला तरी. बंपर स्टँडवर रंगवला, मडगार्ड गाडीवर, तर उन्हात दोन्ही दोन गाड्यांचे वाटतील. टेपवाला निदान सगळं एका जागी, एका हाताने मारतो.

सुदामानगरची_ताई :

मुद्दा खरा आहे, पण उपाय टेप नाही. आधी एका पत्र्यावर नमुना मारून तो मडगार्डला लावून उन्हात बघायचा. आणि मडगार्डवर बेस कोट (क्लिअरखालचा रंगाचा थर) मागच्या टोकाला हळूहळू विरवत न्यायचा, क्लिअर मात्र पूर्ण पार्टवर. बंपर आणि मडगार्ड एकाच दिवशी, एकाच मिक्समधून, गाडी शेजारी उभी करून. म्हणजे काका, गाडीही न्यावी लागेलच. नुसते पार्ट पाठवून सिल्व्हर जुळवणं नशिबाचा खेळ.

आणि मे महिन्यात पेंटर संथ वाळणारा थिनर घेतो का बघा. चाळिशीच्या वरच्या उन्हात नेहमीचा थिनर हवेतच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. जूनच्या उत्तरार्धात दमट हवेचा त्रास वेगळा.

लोकमान्यनगरवाला :

ताई, पीथमपूरकर, मनापासून आभार. म्हणजे बॉनेट रद्द, कॅन रद्द (मुलगा नाराज आहे). आता दोन प्रश्न. बंपरवर नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट आहे, ती कशी काढू? आणि इन्शुरन्स फुल आहे, क्लेम करावा का?

नारायणबागचे_नाना :

क्लेमचं गणित आधी करा. झिरो डेप (घसारा न कापणारं जास्तीचं कव्हर) नसेल तर प्लॅस्टिकच्या पार्टवर 50 टक्के घसारा कापतात. रंगकामात तो मटेरियलवर लागतो आणि बिल एकत्र असेल तर मटेरियल एकूण रंगकामाच्या 25 टक्के धरतात. त्याखेरीज 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला हजार रुपये तुमच्या खिशातून. बॉनेटचं सोलणं हा अपघात नव्हे, ते मिळणारच नाही. आणि एकदा क्लेम घेतला की नो क्लेम बोनस शून्यावर. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्क्यांवर असतो, तोही ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर. किती जाईल ते पॉलिसीत बघा. एका कोपऱ्यासाठी मी तरी नाही करणार.

रंग तोच ठेवताय म्हणून आरटीओचा प्रश्न नाही. रंग बदलला असता तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागली असती.

पीथमपूरकर :

एचएसआरपीचे स्नॅप लॉक एकदाच बसतात, काढायचे म्हणजे तोडायचेच. नवे लॉक अधिकृत फिटरकडूनच बसवून घ्या, बाजारचे साधे स्क्रू मारू नका. तेवढी यातायात नको असेल तर प्लेट राहू द्या आणि झाकून घ्या. प्लेटच्या मागचा रंग कोणी बघत नाही, टेप खपवून घ्यावी अशी ही एकच जागा.

ताई म्हणतात तसं गाडी न्यायचीच असेल तर साधी युक्ती करा. घरी बंपर एकदा पूर्ण सोडवा, मडगार्डचा पोचा आतून बघून घ्या, तुटके कान आणि क्लिपा मोजा, आणि मोजक्या क्लिपांवर परत टांगून, खालचे बोल्ट आवळून गाडी पेंटरकडे चालवत न्या. तिथे दोघं मिळून पुन्हा काढा. नुसता बंपर लोडिंग रिक्षात नेलात तर खाली गोधडी, आणि दर्शनी बाजू वर.

क्लिपांसाठी जुनी क्लिप नमुन्याला हातात घेऊन जा. भोकाच्या मापात अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी ती खडखडते. पाने, वॉटर पेपर वगैरे सियागंज बाजारात मिळेल, पण क्लिपा कंपनीच्या पार्ट काउंटरवरच घ्या, आणि चार जास्तीच्या.

रामबागी_मुंगूस :

परत लावताना सगळे स्क्रू आधी सैल ठेवा, दोन्ही बाजूंच्या हेडलाइटखालचा गॅप सारखा दिसला की मगच आवळा. आणि रंग कडक व्हायला पेंटर सांगेल तेवढे दिवस द्या, ताज्या क्लिअरवर क्लिप दाबली की तिथे चंद्रकोर उमटते.

लोकमान्यनगरवाला :

ठरलं. रविवारी सकाळी बंपर सोडवतो. कान किती शाबूत आहेत ते फोटोसकट इथेच टाकतो. नाना, पॉलिसी काढून बघितली, झिरो डेप नाही. क्लेम राहू दे.